उतारवयांतील धूम्रपानत्याग

“आतां या वयांत सोडून काय मिळवायचें आहे ?” हा प्रश्न महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांतून वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकूं येतो. पस्तीस-चाळीस वर्षें विडी किंवा चिलीम ओढलेला मनुष्य साठीला टेकला, कीं मुलासुनांनीं त्यास तंबाखू सोडण्याची विनंति करावी आणि त्यानें हसून या प्रश्नानें ती परतवावी, हा प्रकार शहरांत जसा घडतो तसाच खेड्यांतहि घडतो. प्रश्न वरवर पाहतां निरुत्तर करणारा आहे. त्याच्या पोटांत दोन गृहीतें दडलेलीं आहेत. एक असें, कीं जें नुकसान व्हावयाचें तें होऊन चुकलें. दुसरें असें, कीं जें आयुष्य उरलें तें इतकें थोडें, कीं त्यासाठीं जन्माची सोबत तोडण्यांत अर्थ नाहीं. हीं गृहीतें खरीं कीं खोटीं याचा निर्णय केवळ तर्कानें लागण्यासारखा नव्हता. तो लागण्यास सुमारें चारशें वर्षें जावीं लागलीं, आणि त्या दीर्घ कामांत पुणें जिल्ह्यांतील खेडुतांचाहि वाटा आहे.

पुणें-नगर रस्त्यावरील शिक्रापुराहून थोडें आंत, वेळ नदीच्या कांठीं, शिरूर तालुक्यांत तळेगांव ढमढेरे हें गांव आहे. पुण्यापासून तें २० मैलांहून थोडें अधिक दूर पडतें. ढमढेरे या सरदार घराण्याचें नांव त्यास चिकटलेलें आहे. १७५१ सालीं दक्षिणेचा सुभेदार सलाबतजंग याचें सैन्य फ्रेंच सेनानी बुसी याच्या कवायती पलटणींसह पुण्याच्या रोखानें चालून आलें, तेव्हां त्यानें रांजणगांव लुटलें आणि तळेगांव ढमढेरे पार उद्ध्वस्त केलें. गांव पुन्हां उभें राहिलें. असे नाश आणि अशा पुनर्वसाहती इतिहासकार नोंदून ठेवतात. परंतु त्याच काळांत गांवोगांवच्या पारावर, देवळाच्या ओवरींत आणि गाड्यांच्या तळावर जी एक वस्तु हातोहात फिरत राहिली, जी लष्करें आलीं आणि गेलीं तरी विझली नाहीं, तिच्याकडे बखरकारांचें लक्ष फारसें गेलें नाहीं. ती वस्तु म्हणजे तंबाखूची चिलीम.

तंबाखू या भूमीची नव्हे. ती मूळची अमेरिकेंतील. पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकांत ती आपल्या जहाजांतून पश्चिम किनाऱ्यावर आणली आणि तेथून ती दक्षिणेंतील मुसलमानी दरबारांत शिरली. या प्रवेशाची एक सुरेख हकीकत अकबराच्या पदरचा असदबेग यानें लिहून ठेवली आहे. तो वकिलीच्या कामावर विजापुरास गेला असतां त्यास तेथें तंबाखू दिसली. हिंदुस्थानांत आपण असें कांहीं पाहिलें नाहीं, असें वाटून त्यानें तिचा सांठा आणि एक रत्नजडित नळी बरोबर घेतली, आणि १६०४-०५ च्या सुमारास ती बादशहासमोर ठेवली. अकबराची त्या वेळीं साठी उलटली होती. त्यानें कौतुकानें दोन-चार झुरके घेतले. दरबारी हकीम मात्र अस्वस्थ झाला. ज्या पदार्थाचे गुणदोष आपल्या ग्रंथांत सांगितलेले नाहींत, तो बादशहानें घेऊं नये, असें त्याचें म्हणणें होतें. असदबेगानें त्यास उत्तर दिलें, कीं कोणतीहि चाल पहिल्यानें नवीनच असते. अकबरानें पुढें तंबाखूचा नाद केला नाहीं; परंतु उमरावांनीं ती उचलली आणि व्यापाऱ्यांनीं दुकानें मांडलीं. थोडक्यांत, साठी उलटलेल्या एका मनुष्याला तंबाखू भुरळ घालूं शकली नाहीं, आणि त्याच्याभोंवतीं बसलेल्या तरुणांना तिनें एका पिढींत अंकित केलें. तंबाखूचा हा स्वभाव पुढेंहि कायम राहिला. ती बहुधा तारुण्यांत जडते; म्हातारपणीं तिचा हिशेब द्यावा लागतो.

दक्षिणेंत तर ती आणखी लवकर रुजली. १६५० च्या सुमारास देह ठेवणाऱ्या तुकारामांच्या गाथेंत, साधुत्वाचें सोंग घेऊन तंबाखू ओढणाऱ्यांची आणि भांग घेणाऱ्यांची कठोर निंदा आहे. म्हणजे विजापुरांत जी वस्तु शतकाच्या आरंभीं परक्या वकिलास नवलाची वाटली, ती पन्नास वर्षांच्या आंत इंद्रायणीकांठच्या गोसाव्यांच्या तोंडीं जाऊन बसली होती, आणि एका वाण्याच्या मुलाला तिच्यावर कोरडे ओढावेसे वाटत होते.

तंबाखू जितक्या वेगानें पसरली, तितक्याच वेगानें तिला बंदी करण्याचे प्रयत्नहि झाले. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स यानें १६०४ सालीं तंबाखूविरुद्ध एक जळजळीत पुस्तिका लिहिली आणि तिच्यावरील जकात सुमारें चाळीसपट केली. जहांगीर बादशहानें १६१७ सालीं धूम्रपानाची मनाई केली. इराणच्या शाह अब्बासानेंहि तसाच हुकूम काढला होता. जहांगीर स्वतःच आपल्या आत्मचरित्रांत सांगतो, कीं त्याचा इराणांतील वकील खानआलम हा क्षणभरहि तंबाखूवांचून राहूं शकत नसे. ही अडचण शाहाच्या कानांवर गेली, तेव्हां त्या एकट्या वकिलासाठीं बंदी शिथिल करावी लागली. दोन बलाढ्य राजांचे हुकूम एका बाजूस आणि एका प्रौढ गृहस्थाची सवय दुसऱ्या बाजूस. आणि माघार घेतली ती हुकुमांनीं. पुढील कित्येक पिढ्यांच्या अनुभवाचें सार या लहानशा गोष्टींत आलें आहे. बाहेरून घातलेली बंदी वस्तु दुर्मिळ करूं शकते, तिची ओढ मात्र काढून घेऊं शकत नाहीं.

ही ओढ केवळ शरीराची नसते, हेंहि ध्यानांत ठेविलें पाहिजे. आपल्या खेड्यांतून चिलीम ही एकट्यानें ओढण्याची वस्तु कधींच नव्हती. ती भरणारा एक, तिच्यावर निखारा ठेवणारा दुसरा आणि छापी भिजवून पुढें करणारा तिसरा. कोण कोणाच्या चिलमीस तोंड लावतो यावरून जातीचीं आणि सोयरिकीचीं नातीं ओळखलीं जात. आलेल्या पाहुण्यापुढें पाण्याच्या तांब्याबरोबर तंबाखूची चंची सरकविणें हा साधा शिष्टाचार होता. अशा समाजांत साठ वर्षांच्या मनुष्यानें तंबाखू सोडावयाची म्हणजे पारावरची आपली जागाच सोडावयाची. ज्या वयांत शेताचें काम मुलांकडे गेलेलें असतें, बरोबरीचे सोबती एकेक करून नाहींसे होत असतात आणि दिवस लांबलचक वाटूं लागतो, त्याच वयांत ही जागा सोडणें अधिक जड जातें. “सोडून काय मिळवायचें” या प्रश्नांत पुष्कळदां “सोडून जायचें कोठें” हा दुसरा प्रश्न मिसळलेला असतो.

महाराष्ट्राच्या परंपरेनें या दुसऱ्या प्रश्नाला एक उत्तर फार पूर्वींच शोधून ठेविलें होतें. प्रौढ वयांत तुळशीची माळ गळ्यांत घालून व्यसनें टाकल्याचीं उदाहरणें वारकऱ्यांच्या घराण्यांतून सांगितलीं जातात. त्यांत व्रताचें बळ होतेंच. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, कीं माळ घालणारास एका बैठकींतून उठल्यावर बसावयास दुसरी बैठक मिळत होती. पाराऐवजीं भजन, चिलमीऐवजीं टाळ, आणि वर्षांतून दोनदां पंढरीची वाट. राजांच्या हुकुमांना जें साधलें नाहीं तें या व्यवस्थेला कांहीं अंशीं साधलें, याचें कारण तिनें रिकामी झालेली जागा रिकामी ठेवली नाहीं.

विसाव्या शतकाच्या आरंभीं चिलमीची जागा विडी घेऊं लागली. टेंभुर्णीच्या पानांत गुंडाळलेली विडी स्वस्त होती, खिशांत मावत होती आणि आगकाडीनें कोठेंहि पेटत होती. १९०५ नंतरच्या स्वदेशी चळवळींत परदेशी सिगारेटवर बहिष्कार पडला, तेव्हां सुशिक्षितांच्या हातींहि विडी आली आणि तिला प्रतिष्ठा लाभली. विड्या वळण्याचा धंदा सिन्नर, नगर, सोलापूर, कामठी आणि गोंदिया येथें वाढला. निपाणीकडे तंबाखूचीं शेतें पसरलीं. दुसऱ्या बाजूस १९१० सालीं कलकत्त्यास इंपीरियल टोबॅको कंपनी स्थापन झाली आणि यंत्रावर वळलेली सिगारेट शहरांतून सर्वत्र दिसूं लागली. चिलीम भरावी लागे, निखारा आणावा लागे, सोबती जमवावे लागत; या खटाटोपामुळें तिला आपोआप मर्यादा पडे. विडी-सिगारेटनें ती मर्यादा काढून टाकली. मनुष्य एकटा, कामांत आणि दिवसाकांठीं वाटेल तितक्या वेळां ओढूं लागला.

याच काळांत तंबाखूच्या दुष्परिणामांचा शास्त्रीय शोध सुरू झाला. मुंबईस टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं १९४४ सालीं मुखाच्या कर्करोगाच्या १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. १९५५ सालीं डॉ. संघवी आणि त्यांचे सहकारी यांनीं, खानोलकरांसह, तंबाखू ओढणें आणि चघळणें यांचा घशाच्या व मुखाच्या कर्करोगाशीं असलेला संबंध आंकडेवारीनें मांडला. मधल्या काळांत, १९५० सालीं, अमेरिकेंत अर्न्स्ट वाइंडर व एव्हर्ट्स ग्रॅहॅम यांनीं आणि इंग्लंडांत रिचर्ड डॉल व ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनीं फुप्फुसाचा कर्करोग आणि धूम्रपान यांचें नातें दाखवून दिलें होतें.

यांपैकीं ग्रॅहॅम यांची कथा या विषयाच्या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. ते जगप्रसिद्ध शस्त्रवैद्य होते. कर्करोगानें ग्रासलेलें एक संपूर्ण फुप्फुस काढून रोग्यास वांचविण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया त्यांनीं १९३३ सालीं केली, आणि तो रोगी त्यांच्यामागेंहि कांहीं वर्षें जगला. ग्रॅहॅम स्वतः कित्येक दशकें भरपूर सिगारेट ओढीत. वाइंडर हा तरुण विद्यार्थी धूम्रपानाविषयींची शंका घेऊन त्यांच्याकडे आला, तेव्हां ती त्यांस पटली नव्हती. आंकडे हातीं आल्यावर मात्र त्यांनीं मत बदललें आणि सत्तरीच्या जवळपास सिगारेट सोडली. तरीहि १९५७ सालीं, वयाच्या ७३ व्या वर्षीं, फुप्फुसाच्या कर्करोगानेंच त्यांचा अंत झाला.

“पाहा, सोडून काय मिळालें ?” असें या कथेवरून कोणी म्हणेल. म्हाताऱ्याच्या प्रश्नाला ग्रॅहॅम यांच्या मृत्यूनें पुष्टि मिळाली, असें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु एका मनुष्याच्या नशिबावरून नियम ठरत नाहीं. तंबाखू न सोडतां ऐंशी वर्षें जगलेला आजोबा जसा कांहीं सिद्ध करीत नाहीं, तसाच सोडूनहि रोगाला बळी पडलेला शस्त्रवैद्य कांहीं सिद्ध करीत नाहीं. सोडणाऱ्या एकट्या मनुष्याला कोणीहि हमी देऊं शकत नाहीं; हजारों माणसांचा हिशेब मात्र मांडतां येतो. तो मांडण्याचें काम डॉल आणि हिल यांनीं अंगावर घेतलें.

डॉल स्वतः धूम्रपान करीत, आणि पहिल्या संशोधनाचे आंकडे दिसूं लागतांच त्यांनीं तें सोडलें. १९५१ सालीं या दोघांनीं ब्रिटनमधील डॉक्टरांना पत्रें पाठवून त्यांच्या सवयी विचारल्या. उत्तर देणाऱ्या पुरुष डॉक्टरांपैकीं ३४,४३९ जणांवर पुढें पन्नास वर्षें लक्ष ठेविलें गेलें. कोण ओढीत राहिला, कोणीं कोणत्या वयांत सोडलें आणि कोण कधीं व कशानें वारला, याची नोंद होत गेली. २००४ सालीं, डॉल नव्वदी ओलांडलेले असतांना, अखेरचा ताळेबंद प्रसिद्ध झाला. ओढीत राहिलेले लोक न ओढणाऱ्यांच्या मानानें सरासरी १० वर्षें आधीं वारले. ज्यांनीं तिसाव्या वर्षीं सोडलें त्यांचीं तीं दहाहि वर्षें बहुतेक वांचलीं. चाळिसाव्या वर्षीं सोडणाऱ्यांचीं ९, पन्नासाव्या वर्षीं सोडणाऱ्यांचीं ६, आणि साठाव्या वर्षीं सोडणाऱ्यांचींहि सुमारें ३ वर्षें वांचलीं. असदबेगाची नळी अकबरापुढें गेली त्याला तेव्हां चारशें वर्षें झालीं होतीं. साठीच्या मनुष्याच्या प्रश्नाला आंकड्यांचें उत्तर मिळालें. नुकसान सर्व होऊन चुकलेलें नसतें. त्याचा कांहीं भाग पुढील प्रत्येक विडीबरोबर होत असतो.

हें झालें विलायतेंतील डॉक्टरांचें. विडी ओढणाऱ्या आणि तंबाखू चघळणाऱ्या आपल्या खेडुताला तें कितपत लागू पडतें ? याचा शोध घेण्यासाठीं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील दंतसंशोधन विभागानें डॉ. फली मेहता यांच्या नेतृत्वाखालीं आणि कोपनहेगनच्या डॉ. पिंडबोर्ग यांच्या सहकार्यानें पुणें जिल्ह्यांतील खेड्यांतून घरोघर पाहणी केली. १,०१,७६१ ग्रामस्थांचीं तोंडें तपासण्यांत आलीं. १९७२ सालीं प्रसिद्ध झालेल्या या पाहणींत असें दिसलें, कीं मुखाचा कर्करोग आणि त्याच्या आधीं येणारे पांढरे चट्टे हे मुख्यतः तंबाखूच्या सवयीशीं जोडलेले आहेत. तळेगांव ढमढेरे ज्या जिल्ह्यांत आहे त्याच जिल्ह्यांतील शेतकरी, मजूर आणि गृहिणी यांनीं दारीं आलेल्या अनोळखी डॉक्टरांसमोर तोंड उघडलें, आणि त्यांतून जागतिक वैद्यकाला एक मोलाचा पुरावा मिळाला.

याच विभागानें पुढचें पाऊल अन्य प्रांतांत टाकलें. केरळांतील एर्नाकुलम, आंध्रांतील श्रीकाकुलम आणि गुजरातेंतील भावनगर या जिल्ह्यांत मिळून तंबाखूची सवय असलेले सुमारें ३६,००० लोक निवडण्यांत आले. प्रत्यक्ष भेटून समजूत घालणें, आणि जोडीला चित्रपट व भित्तिपत्रकें, असा उपाय योजिला. १९८६ सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाच्या अहवालांत दिसून आलें, कीं अशा समजुतीनें लोक सवय सोडतात किंवा कमी करतात. आणि सोडणाऱ्यांच्या तोंडांत नवे चट्टे उठण्याचें प्रमाण घटतें. जहांगिराच्या हुकुमानें जें झालें नाहीं, तें दारांत बसून केलेल्या संभाषणानें कांहीं अंशीं झालें. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय अभ्यासानें विडीचाहि हिशेब पुरा केला. विडी ओढणाऱ्या पुरुषांचें आयुष्य सरासरी ६ वर्षांनीं आणि स्त्रियांचें सुमारें ८ वर्षांनीं कमी होतें; सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचें १० वर्षांनीं. विडी साधी, देशी, म्हणून निरुपद्रवी, हा समज त्यानें मोडीत काढला.

सोडल्यावर शरीरांत काय घडतें, तेंहि आतां स्पष्ट झालें आहे. रक्तांतील कर्बवायूचा विषारी अंश एक-दोन दिवसांत निघून जातो. निकोटिनसाठीं होणारी तगमग पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत तीव्र असते आणि बहुतेकांच्या बाबतींत तीन-चार आठवड्यांत ओसरते. चिडचिड, झोपमोड, बद्धकोष्ठ आणि वाढलेली भूक हीं त्या काळांतील नेहमींचीं लक्षणें होत. वृद्ध मनुष्य पुष्कळदां याच टप्प्यावर “मला सोसत नाहीं” असें म्हणून माघार घेतो. वास्तविक तें दुखणें नसून दुखण्याची पाठवणी असते. हृदयविकाराचा वाढीव धोका साधारण वर्षभरांत निम्म्यावर येतो. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका निम्मा होण्यास मात्र दहा वर्षें लागतात. ग्रॅहॅम यांच्या बाबतींत काय घडलें याचा उलगडा येथें होतो. दम्यासाठीं थिओफिलीन घेणाऱ्यांनीं सोडण्यापूर्वीं डॉक्टरांस अवश्य सांगावें, कारण धूर थांबल्यावर त्या औषधाचें रक्तांतील प्रमाण वाढतें आणि मात्रा कमी करावी लागते. निकोटिनची गोळी किंवा चिकटपट्टी आणि इतर औषधें डॉक्टरांच्या सल्ल्यानें घेतां येतात. २०१६ पासून केंद्र सरकारनें दूरध्वनीवरून विनामूल्य सल्ल्याची सोयहि केली आहे.

महाराष्ट्रांत एक सावधगिरी विशेष हवी. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणें या राज्यांतील प्रौढांपैकीं शेंकडा २६.६ लोक कोणत्या ना कोणत्या रूपानें तंबाखू घेत होते. त्यांत ओढणारे अवघे शेंकडा ३.८, आणि चघळणारे वा मशेरी लावणारे शेंकडा २४.४. म्हणून विडी टाकून चुना-तंबाखूची चिमूट ओठाखालीं ठेवणें, किंवा आजीनें विडी सोडून मशेरीची डबी जवळ करणें, याला त्याग म्हणतां येत नाहीं. खानोलकरांनीं १९४४ सालीं तपासलेले ते १,००० रुग्ण मुखाच्या कर्करोगाचेच होते. पुणें जिल्ह्यांतीलच शरद पवार यांच्यावर २००४ सालीं मुखाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्यांनीं आपल्या तंबाखूच्या सवयीबद्दल जाहीरपणें खेद व्यक्त करून इतरांना सावध केलें. त्यांच्या वयाला तेव्हां ६३ वर्षें झालीं होतीं.

चारशें वर्षांच्या या इतिहासावरून घरांतील तरुण मंडळींनीं घेण्यासारखा बोध थोडक्यांत सांगतां येतो. हुकूम, धाक आणि थट्टा हे उपाय राजांनीं वापरून पाहिले, ते फसले. जें थोडें यश आलें तें दोन गोष्टींनीं आलें : शेजारीं बसून पुन्हां पुन्हां घातलेल्या समजुतीनें, आणि रिकाम्या झालेल्या जागीं दुसरी बैठक मिळाल्यानें. विडी हिसकावून घेतल्यावर वडिलांचा संध्याकाळचा तास कोणाबरोबर जाणार, याची तजवीज आधीं हवी. तो तास फिरावयास जाण्यांत जाईल, भजनांत जाईल किंवा नातवंडाचा अभ्यास घेण्यांत जाईल. पहिला प्रयत्न फसला तर दुसरा करावा. यशस्वी झालेल्या बहुतेकांनीं तो एकाहून अधिक वेळां केलेला असतो.

आणि वडिलांच्या प्रश्नाला आतां प्रामाणिक उत्तर देतां येतें. साठाव्या वर्षीं सोडून दहा वर्षें परत मिळत नाहींत. सरासरीनें सुमारें तीन मिळतात, आणि जीं उरतात त्यांत दम कमी लागतो. तीन वर्षें थोडीं कीं फार, हें ज्याचें त्यानें ठरवावें; परंतु पाहण्यासारखें एखादें लग्न, हातीं घेतलेली एखादी विहीर किंवा शाळेंत नुकतेंच घातलेलें एखादें नातवंड ज्याच्या घरीं आहे, त्याला तो हिशेब करण्यास अडचण पडणार नाहीं.